सामने 99 रुपयांत, खेळाडूंचा हिशोब फुकट: अमेरिकेतली सॉकर लीग पाहणाऱ्यांसाठी चार सेवांचं परीक्षण

मेजर लीग सॉकर (एमएलएस), म्हणजे अमेरिका-कॅनडातली फुटबॉल लीग, पाहायला 2023 ते 2025 या तीन हंगामांत सीझन पास नावाचं वेगळं तिकीट काढावं लागायचं. अमेरिकेत त्याची किंमत महिन्याला 14.99 डॉलर होती. 2026 च्या हंगामापासून ते तिकीट बंद झालं आणि सगळे सामने ॲपल टीव्हीच्या साध्या वर्गणीत आले. आपल्याकडे ती वर्गणी महिना 99 रुपये. मेस्सीपुरतं बघणाऱ्याला एवढं पुरे, त्यानं पुढं वाचलं नाही तरी चालेल. पण कोण कुठून आला, कोणत्या नियमात बसवला आणि त्याच्यासाठी कुणाला बाहेर काढलं, यात ज्याला रस आहे, त्याला ॲपल अर्धंच जेवण वाढतं. बाकीचं तीन फुकटच्या ठिकाणांहून गोळा करावं लागतं: लीगची रोस्टर पानं (क्लबनिहाय खेळाडूंच्या याद्या), खेळाडू संघटनेची पगारयादी आणि खेळाडूंची माहिती देणारं ट्रान्सफरमार्क्ट हे संकेतस्थळ.

आधी ॲपलचं उरकू. चित्र स्वच्छ आहे, कोणताही सामना मधेच अडवला जात नाही, पूर्ण सामना नंतरही बघता येतो. फेब्रुवारी 2025 पासून अँड्रॉइड फोनवरही ॲप चालतं, त्यामुळे आयफोन हवाच असं राहिलं नाही. समालोचन इंग्रजी आणि स्पॅनिश, कॅनडातल्या संघांच्या सामन्यांना फ्रेंचसुद्धा. हिंदी-मराठीची अपेक्षा ठेवू नका.

वेळेचं गणित सोपं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे पाच. लॉस एंजेलिस, सिएटल, व्हँकुव्हरकडचा साडेसातचा सामना म्हणजे सकाळी आठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, की दोन्ही वेळा तासाभरानं पुढे सरकतात. प्लेऑफच्या दिवसांत बरेच जण इथंच फसतात.

खरी अडचण डेटाची आहे. फुल एचडीला तासाला साधारण दोन ते तीन जीबी लागतात, म्हणजे रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक मध्यंतराच्या आसपासच संपतो. संभाजीनगर, नांदेड, लातूर शहरात घरी फायबर असेल तर प्रश्न नाही. फक्त रूटर इन्व्हर्टरवर घ्या, कारण पहाटेची लाइट गेली की टीव्ही बॅटरीवर चालूनही उपयोग होत नाही. गावाकडं मोबाइलवरच पाहायचं असेल तर ॲपमधली मोबाइल डेटाची प्रत 'ऑटोमॅटिक' ठेवा, 'हाय' नको. उशिरा उठून सामना पाहणाऱ्यांनी आयफोनवर किंवा ॲपलच्या डब्यावर टीव्ही ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन खेळाचे स्कोअर दाखवणं बंद करावं, नाहीतर ॲप उघडताच निकाल समोर येतो.

इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार आहे ती समालोचनाबद्दल. नवा परदेशी खेळाडू मैदानात उतरला की त्याचं नाव, देश, मागचा क्लब सांगितला जातो आणि गाडी पुढं निघते. ऑगस्ट 2025 मध्ये जर्मनीचा थॉमस म्युलर व्हँकुव्हरला आला, तेव्हा बायर्न म्युनिक या जुन्या क्लबच्या आठवणी भरपूर निघाल्या. पण त्याला घेण्याआधी व्हँकुव्हरला सिनसिनाटीकडून त्याचे डिस्कव्हरी हक्क विकत घ्यावे लागले, ही या लीगमधली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट बाजूला राहिली. सिनसिनाटीसाठी म्युलर एकही मिनिट खेळला नव्हता. लीगमध्ये प्रत्येक क्लब बाहेरच्या काही खेळाडूंची यादी नोंदवून ठेवतो आणि त्या खेळाडूशी बोलणी करण्याचा पहिला हक्क त्याचा. दुसऱ्याला तो खेळाडू हवा असेल तर पैसे मोजा. मार्को रॉयससाठी 2024 मध्ये एलए गॅलेक्सीनं शार्लटला 4 लाख डॉलरचं ॲलोकेशन मनी (पगाराच्या मर्यादेवरचा खर्च भागवायला लीग क्लबला देते तो निधी) दिलं ते याच कारणासाठी. हे कळल्याशिवाय एमएलएसमधली कोणतीही मोठी सही नीट समजत नाही.

म्हणून रोस्टर पानं. 2024 पासून लीग आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक क्लबचं रोस्टर प्रोफाइल जाहीर करते, आणि चारही सेवांत आमच्या मते सगळ्यात कामाची हीच. प्रत्येक नावापुढं तो कोणत्या गटात मोजला जातो ते दिलेलं असतं: सीनियर यादी (पगाराच्या मर्यादेत धरली जाणारी), पूरक यादी (न धरली जाणारी) की यादीबाहेरचा, डेझिग्नेटेड प्लेअर (मर्यादेबाहेर पगार घेणारा तारा), अंडर-22 (तरुणांची सवलतीची जागा) की टॅम (जादा पगार भागवणारा निधी), परदेशी खेळाडूंसाठीची आंतरराष्ट्रीय जागा अडवतो का, करार कुठवर आणि पुढच्या वर्षांचा पर्याय क्लबच्या हातात आहे का. पहिल्यांदा उघडाल तेव्हा सरळ वाचू नका. आधी वरचं मॉडेल बघा. 2024 च्या उन्हाळ्यापासून क्लबला दोनपैकी एक रचना निवडावी लागते: तीन डेझिग्नेटेड प्लेअर आणि तीन अंडर-22, किंवा दोन डेझिग्नेटेड, चार अंडर-22 आणि वर 20 लाख डॉलरपर्यंतचं जादा जनरल ॲलोकेशन मनी, म्हणजे गॅम. दुसरी रचना घेतलेल्या क्लबनं तिसरा तारा आणणार अशी बातमी आली, तर तिच्यावर शंका घ्यायला जागा आहे.

त्यानंतर आकडे. 2025 मध्ये सीनियर यादीच्या 20 खेळाडूंसाठी पगाराची मर्यादा 59 लाख 50 हजार डॉलर होती, आणि एका खेळाडूचा मर्यादेत धरला जाणारा जास्तीत जास्त भार 7 लाख 43 हजार 750. डेझिग्नेटेड प्लेअरला कितीही पगार द्या, मर्यादेत एवढाच धरतात. हंगामाच्या मध्ये आला तर त्याच्या निम्मा. हा नियम 2007 मध्ये बेकहॅमसाठी झाला आणि आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. टॅम म्हणजे टार्गेटेड ॲलोकेशन मनी. ज्याचा खर्च या मर्यादेच्या वर पण 17 लाख 43 हजार 750 च्या आत आहे, त्याचा जादा भाग यातून भागवतात. 2025 मध्ये प्रत्येक क्लबला 22 लाख 25 हजार टॅम आणि 29 लाख 30 हजार गॅम मिळालं. गॅम एका क्लबकडून दुसऱ्याकडं देता-घेता येतं, म्हणून सौद्यांच्या बातम्यांत तेच दिसतं. अंडर-22 ची गंमत वेगळी: पगारावर बंधन आहे, पण आधीच्या क्लबला दिलेल्या ट्रान्सफर फीवर नाही, आणि मर्यादेत वयाप्रमाणे फक्त दीड किंवा दोन लाख डॉलर धरतात. दक्षिण अमेरिकेतली वीस-एकवीस वर्षांची पोरं एवढी का येतात, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

आंतरराष्ट्रीय जागांवर थोडं थांबायला हवं, कारण आपली इंडियन सुपर लीग (आयएसएल) पाहणाऱ्याचा इथं हमखास गोंधळ होतो. आपल्याकडं मैदानात एका वेळी चारच परदेशी, हा नियम डोक्यात पक्का बसलेला असतो. एमएलएसमध्ये मैदानावर अशी मर्यादाच नाही. मर्यादा यादीत आहे. प्रत्येक क्लबच्या वाट्याला 8 जागा येतात आणि त्या विकता येतात. विकलेली जागा ठोक्यानं लावलेल्या रानासारखी असते: हंगाम संपला की मूळ मालकाकडं परत. शिवाय परदेशी कोण, हे जन्मावर नाही, कागदावर ठरतं. अमेरिकेतल्या क्लबसाठी ग्रीन कार्ड मिळालेला ब्राझिलियन देशी ठरतो आणि जागा मोकळी होते. म्हणून अमुक खेळाडूला ग्रीन कार्ड मिळालं, ही दोन ओळींची बातमी दिसली तर वगळू नका. बऱ्याचदा आठवड्याभरात त्या मोकळ्या जागेवर नवी सही येते. टोरांटो, मॉन्ट्रियल, व्हँकुव्हर या कॅनडाच्या क्लबांचे नियम वेगळे आहेत: त्यांच्याकडं कॅनडाचे आणि अमेरिकेचे दोन्ही खेळाडू देशी धरतात.

या पानांचा दोष एकच, पण मोठा. ती रोजच्या रोज बदलत नाहीत. ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-देण्याची ठरावीक मुदत) बंद झाली की नवी येतात. मधल्या काळात तिथं दिसणारं रोस्टर शिळं असतं. त्यावर उपाय म्हणजे त्याच संकेतस्थळावरचं व्यवहारांचं पान, ट्रान्झॅक्शन्स. तिथं तारखेप्रमाणे सही, लोन (दुसऱ्या क्लबला उसना दिलेला खेळाडू), वेव्हर (सोडलेला खेळाडू इतर क्लबांपुढं ठेवणं), करारमुक्ती सगळं कोरडेपणानं लिहिलेलं असतं. जुनं प्रोफाइल घ्या, त्या तारखेनंतरचे व्यवहार वजा-बेरीज करा, आजची यादी हाती येते. चार क्लबांचं केलं की हात बसतो.

खेळाडू संघटनेची पगारयादी वर्षातून सहसा दोनदा येते. प्रत्येकाचा मूळ पगार आणि हमी रक्कम, असे दोन रकाने. मेस्सीपुढं 1 कोटी 20 लाख आणि 2 कोटी 4 लाख 46 हजार 667 डॉलर हे आकडे 2023 पासून छापून येत होते. भांडण व्हायला एवढं साहित्य पुरतं! पण चूकही इथंच होते. लोक क्लबच्या सगळ्या हमी रकमांची बेरीज करून मर्यादेशी ताडून बघतात आणि क्लबनं फसवणूक केली असं जाहीर करून टाकतात. ती बेरीज जुळणारच नाही. डेझिग्नेटेड आणि अंडर-22 खेळाडू मर्यादेत कमी धरले जातात, पूरक यादीतले धरलेच जात नाहीत, गॅम-टॅमनं काहींचा भार खाली आणलेला असतो. उलट बाजूनं, साध्या खेळाडूची ट्रान्सफर फी कराराच्या वर्षांत वाटून त्याच्या भारात मिळवतात आणि ती या यादीत दिसत नाही. सन ह्युंग-मिनसाठी लॉस एंजेलिस एफसीनं टॉटेनहॅमला ऑगस्ट 2025 मध्ये सुमारे 2 कोटी 60 लाख डॉलर दिल्याच्या बातम्या होत्या, लीगचा तोवरचा विक्रम. पगारयादीत त्या रकमेचा मागमूस नाही. ही यादी पगार सांगते. तिच्याकडून तेवढंच घ्या.

ट्रान्सफरमार्क्ट चौथ्या क्रमांकावर. युरोपसाठी ते उत्तम. इथं हात राखून वापरा. फी युरोत असते, अमेरिकी बातम्या डॉलरमध्ये, त्यामुळे आकडे कधीच जुळत नाहीत. बाजारमूल्य हा वाचकांच्या चर्चेतून आलेला अंदाज आहे, कोणी मोजलेली किंमत नाही. आणि कराराची मुदत बघताना पर्यायाची वर्षं वेगळी काढा. 2026 पर्यंत करार आणि 2027 चा पर्याय क्लबकडं, असे करार इथं नेहमीचे आहेत; मोठं साल वाचून खेळाडू तोवर बांधलेला आहे असं समजू नका. मात्र एखाद्याची जुनी कारकीर्द, दुखापती, आधीचे क्लब यासाठी त्याला तोड नाही.

आता चारही एकत्र कसे वापरायचे. नव्या सहीची बातमी आली की क्लबचं मूळ निवेदन उघडा, बातमी नको. त्यात खेळाडू कोणत्या गटात घेतला ते बहुधा लिहिलेलं असतं, आणि शेवटाकडं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र आणि पी-1 (खेळाडूंचा) व्हिसा मिळाल्यावर खेळेल, असं वाक्य असतं. ते वाक्य असेल तर येत्या रविवारी पहाटेचा गजर लावू नका. मग रोस्टर पानावर त्या गटात आणि आंतरराष्ट्रीय यादीत जागा रिकामी आहे का ते बघा. नसेल, तर कुणीतरी जाणार आहे किंवा करारातच खुबी आहे. जुलै 2025 मध्ये रॉड्रिगो दे पॉल इंटर मायामीत आला तेव्हा तिन्ही डेझिग्नेटेड जागा भरलेल्या होत्या. त्याला ॲटलेटिको माद्रिदकडून डिसेंबरपर्यंत लोनवर घेतलं, अर्ध्या वर्षाचा भार टॅममध्ये बसवला. वर्षाअखेर त्यातल्या दोन जागा अडवणारे बुस्केट्स आणि आल्बा निवृत्त झाले आणि पुढची वाट मोकळी झाली. नियम मोडला नाही, वाकवला; आणि तो कसा वाकवला ते ॲपलच्या समालोचनात कुणीच समजावलं नाही.

2025 पासून आणखी एक बदल आहे, क्लबांना आपसांत रोख पैशानं खेळाडू घेता येतात. त्या फेब्रुवारीत एव्हँडर पोर्टलँडहून सिनसिनाटीला 1 कोटी 20 लाख डॉलरला गेला. गॅमच्या सौद्यापेक्षा हे वाचायला सोपं, पण जुनी माहिती देणारी बरीच पानं अजून गॅमचेच नियम सांगतात. लेखाची तारीख बघून विश्वास ठेवा.

वर्गणी वर्षभर चालू ठेवायची गरज नाही. विश्वचषकामुळे 2026 मध्ये लीग मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत थांबते, तेव्हा त्यातला एक महिना सुखानं वगळा. डिसेंबरातल्या अंतिम सामन्यानंतर फेब्रुवारीपर्यंत सामने नसतात, पण पर्याय नाकारणं, वेव्हर, फ्री एजन्सी (करार संपलेल्यानं हवा तो क्लब निवडणं), री-एंट्री (सुटलेल्यांची लीगमध्येच पुन्हा निवड) अशी सगळी उलथापालथ तेव्हाच होते आणि ती फुकटच्या पानांवरच दिसते. 2027 मध्ये फेब्रुवारी ते मे असा छोटा हंगाम खेळून लीग जुलैत नवं वेळापत्रक सुरू करणार आहे. त्यानंतर मुख्य ट्रान्सफर विंडो युरोपच्या उन्हाळ्याशी जुळेल, म्हणजे वर सांगितलेलं वजा-बेरजेचं काम जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त करावं लागेल.