मिनेसोटातलं आमचं खुराडं: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

मिनियापोलिसजवळच्या आमच्या परसात सहा कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं, त्यात आता एक अख्खा हिवाळा पार पडला. जानेवारीत पारा उणे 28 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. आत हीटर नव्हता, तापणारा दिवाही नव्हता, तरी सहाच्या सहा जणी धडधाकट आहेत. असले दिवे भुशात पडून खुराडी जळतात, म्हणून तो विचार आम्ही आधीच सोडला होता.

कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास गरम असतं आणि पिसं फुलवून ती ही ऊब चांगली धरून ठेवते. तिला बाधते ती ओल. रात्रभरच्या श्वासाची आणि शिटेची वाफ आत कोंडली की तुरा आणि पायाची बोटं दमट राहतात, मग गोठतात. वर अमोनियाचा त्रास वेगळाच. म्हणून सहा बाय चार फुटांच्या या खुराड्यात सगळ्यात जास्त डोकं लावलं ते झडपांवर. वळचणीखाली दोन्ही लांब बाजूंना त्या आहेत, बसायच्या दांडीपेक्षा चांगल्या फूटभर वर. दमट हवा वरच्या वर निघून जाते आणि झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही. हिवाळाभर त्या उघड्या राहिल्या. हिमवादळ आलं तर वाऱ्याकडची बाजू तेवढी लावायची. शेजारच्या आजी काळजीने विचारायच्या, पोरींना गारठवताय का म्हणून! पण सकाळी काचेवर आतून हिम जमलेलं दिसलं की मी झडप आणखी उघडायचे.

दांडीसाठी 2 बाय 4चं लाकूड (नावाला 4 इंच, प्रत्यक्षात रुंदी साडेतीन) घेतलं आणि रुंद बाजू वर ठेवली. साडेतीन इंचांच्या सपाटीवर कोंबडी बसली की पोटाची पिसं पांघरुणासारखी बोटांवर येतात. काठी बारीक आणि गोल असेल तर बोटं खालून उघडी पडतात.

खाली, आपल्याकडच्या पोल्ट्रीत जिला गादी पद्धत म्हणतात, तीच. सहा-आठ इंच रंध्याचा भुसा, तो अधूनमधून वरखाली करायचा आणि नवा थर टाकायचा. पेंढा आम्ही टाळतो, तो ओला झाला की लवकर वाळत नाही. वसंतात निघालेली गादी ताजी असताना भाजीच्या वाफ्यात घालू नका, काही महिने कुजू द्या.

पाण्याने मात्र दमवलं. गरम राहणारं उघडं भांडं ठेवलं तर गळ्याखालची लोंबती लाल कातडी पाण्यात बुडते आणि ओली होऊन गोठते. आता झाकणाची बादली आहे, आत बुडवलेला छोटा हीटर आणि बाजूला आडवे निपल, म्हणजे चोच लावली की पाणी देणाऱ्या छोट्या तोट्या. पाणी सांडत नाही, गादी कोरडी राहते. विजेची जोडणी बाहेर वापरायच्या, वीजगळती झाली की आपोआप तुटणाऱ्या सॉकेटवरच करा.

जाळीत पैसे वाचवू नका. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण रकून (कोंबड्यांवर टपलेला इथला जंगली प्राणी) ती फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, झडपांवरसुद्धा. साधी कडी रकून हाताने उघडतो, म्हणून दाराला दुहेरी अडसर हवा.

जात निवडताना तुरा बघा. आमच्या शँटेक्लेअर कोंबड्यांचा तुरा अगदी छोटा, डोक्याला चिकटलेला. ही जात कॅनडातल्या क्यूबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड यांनी कडाक्याच्या थंडीसाठीच तयार केली. त्यांच्या तुऱ्याला काहीच झालं नाही. एकुलत्या लेगहॉर्नच्या मोठ्या तुऱ्याची टोकं मात्र त्या उणे 28च्या रात्री काळी पडली.

अंड्यांचं म्हणाल, तर डिसेंबरात इथे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, आणि भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. आम्ही दिवा लावत नाही, त्यांना विश्रांती मिळू देतो. फेब्रुवारीत अंडी पुन्हा सुरू झाली. तेव्हाही थंडी असतेच, त्यामुळे ती लवकर उचलावी लागतात, नाहीतर गोठून तडकतात.