‘ॲडव्हेंचर टाइम’चा 22 डीव्हीडींचा संच: कोजागिरी ते गुढीपाडवा

नवरात्रासाठी न्यू जर्सीहून वडोदऱ्याला आलेल्या माझ्या दिरांनी या वेळी आपल्या पुतण्यासाठी ‘ॲडव्हेंचर टाइम’ या ॲनिमेशन मालिकेचा संपूर्ण संच आणला. त्यात 22 डीव्हीडी असून 10 पर्वांचे सगळे 283 भाग आहेत. अमेरिकेत तो एप्रिल 2019 मध्ये विक्रीला आला. आम्ही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहिली डिस्क लावली आणि गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री शेवटची संपवली. रोज जेवणे आटोपली की दोन भाग, त्याहून अधिक नाही, असा आमचा नेम होता. एक भाग साधारण 11 मिनिटांचा असल्यामुळे एकूण ऐवज सुमारे 52 तासांचा होतो. दिवाळी, उत्तरायणाचे दोन दिवस आणि मुलाच्या चाचण्या वगळल्या तर हा नेम सहसा मोडला नाही. पाहणारे आम्ही तिघे: मी, माझा 11 वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई. हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की, ही मालिका क्रमाने आणि सावकाश पाहिली तरच तिचे खरे रूप कळते, असे माझे आता ठाम मत झाले आहे, आणि ते या साडेपाच महिन्यांतून आले आहे.

आधी संच लावण्याविषयी, कारण परदेशातून असा संच मागवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येणार आहे. डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा एक क्रमांक असतो, त्याला रिजन म्हणतात; अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डीव्हीडी रिजन 1 च्या असतात आणि भारत रिजन 5 मध्ये मोडतो, त्यामुळे आमच्या घरातल्या प्लेअरने पहिली डिस्क स्वीकारलीच नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन बदलता येतो, पण तो सहसा पाचच वेळा; त्यानंतर ड्राइव्ह शेवटच्या रिजनवर कायमचा अडकतो, हे मुलांच्या हाती संगणक देण्यापूर्वी लक्षात ठेवावे. आम्ही शेवटी सर्व रिजन चालवणारा एक जुना प्लेअर मिळवला आणि मग त्रास उरला नाही. एका डिस्कवर ओरखडा होता आणि एक भाग मधेच थांबत असे. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसल्यावर तो चालला. गोल फिरवून पुसू नये, त्याने ओरखडा वाढतो.

चित्राच्या दर्जाबद्दल मी समाधानी आहे, परंतु पूर्णपणे नाही. डीव्हीडीची स्पष्टता मुळातच मर्यादित असते आणि आमच्या 43 इंची टीव्हीवर ती मर्यादा दिसते. सपाट रंग आणि स्वच्छ बाह्यरेषा यांमुळे जवळची दृश्ये उत्तम दिसतात. मात्र दूरच्या दृश्यांत, जिथे पात्रांचे डोळे म्हणजे केवळ दोन ठिपके असतात, तिथे त्या ठिपक्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझी नजर अशा गोष्टींवर अडते. माझ्या मुलाला आणि सासूबाईंना हे एकदाही जाणवले नाही.

आता मालिकेविषयी. फिन नावाचा 12 वर्षांचा मुलगा आणि जेक नावाचा त्याचा मोठ्या भावासारखा कुत्रा, जो आपले अंग हवे तसे ताणू शकतो, एका झाडातल्या घरात राहतात आणि ‘ऊ’ नावाच्या प्रदेशात साहसे करत फिरतात. तिथे गोळ्या-मिठायांचे राज्य आहे आणि त्यावर एका शास्त्रज्ञ राजकन्येची सत्ता आहे. हजार वर्षे वयाची, गिटार वाजवणारी मार्सेलीन नावाची व्हॅम्पायर मुलगी आहे. मनुष्यासारखा विचार करणारा बीमो नावाचा एक छोटा व्हिडिओ गेमचा डबा आहे. आणि राजकन्यांना पळवून नेणारा, डोक्यावर मुकुट घालणारा बर्फाचा राजा, म्हणजे आइस किंग, आहे. पेंडल्टन वॉर्ड यांनी निर्माण केलेली ही मालिका कार्टून नेटवर्कवर एप्रिल 2010 पासून सप्टेंबर 2018 पर्यंत चालली.

पहिले आठ-दहा भाग पाहताना मोठ्या माणसाला हे सारे अर्थहीन वाटू शकते, आणि मलाही तसेच वाटले होते. सासूबाईंना मात्र ते अजिबात विचित्र वाटले नाही. त्यांना इंग्रजी संवाद कळत नव्हते, मी शेजारी बसून मराठीत सांगत असे, आणि तिसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, ही तर आपल्या श्रावणातल्या कहाण्यांसारखी गोष्ट आहे. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, एवढं सांगितलं की पुरे. राजाशी साप का बोलतो, हे कहाणीत कुणी विचारतं का?” त्यांचे हे म्हणणे मला या मालिकेबद्दल ऐकलेल्या कोणत्याही मतापेक्षा नेमके वाटते. कहाणी जशी कारणे देत बसत नाही, घडले ते सांगते आणि पाच उत्तरांत संपते, तसेच हे 11 मिनिटांचे भाग आहेत. त्यानंतर मी स्वतः ‘हे असे का’ हा प्रश्न विचारणे सोडले आणि मालिका मला आवडू लागली.

परंतु या कहाण्यांना एक तळघर आहे, आणि ते केवळ क्रमाने पाहणाऱ्यालाच सापडते. टीव्हीवर मधूनच एखादा भाग पाहणाऱ्याला तो सुटा विनोदी प्रसंग वाटतो. आम्ही ओळीने पाहत गेलो तेव्हा मुलाने प्रथम एक गोष्ट दाखवली: सुरुवातीच्या नामावलीच्या दृश्यातच पडलेले बॉम्ब आणि मोडक्या वस्तूंचा ढिगारा आहे, आणि पृथ्वीचा गोळा जिथे दिसतो तिथे त्याचा एक प्रचंड लचका तुटलेला आहे. म्हणजे हा परीकथेतला देश नसून, सुमारे हजार वर्षांपूर्वी झालेल्या एका महायुद्धानंतर उरलेली ही आपलीच पृथ्वी आहे. हे कोणी पात्र सांगायला येत नाही. ते चित्रात मागे पडून असते. जवळजवळ प्रत्येक भागात कुठेतरी हात हलवणारी एक गोगलगाय लपवलेली आहे, आणि ती शोधण्यासाठी मुलगा चित्र थांबवत असे. हा मुलांचा खेळ म्हणून मी कौतुकाने पाहत होते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीकडे त्याच गोगलगाईचा कथेत जो भयंकर उपयोग केला आहे, तो पाहून आम्ही दोघेही हबकून गेलो. रोज शोधायची सवय लागलेली असल्यामुळेच तो धक्का बसला.

यापुढे आइस किंगबद्दल लिहिणार आहे. ज्यांना काहीही आधी कळायला नको, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. माझ्यासाठी मात्र या संचाची खरी किंमत इथेच आहे.

तिसऱ्या पर्वापर्यंत आइस किंग हा एक त्रासदायक, थोडा किळसवाणा म्हातारा असतो. मग दोन सलग भागांत फिन आणि जेक त्याने टाकून दिलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट चोरून पाहतात. बहुतेक कॅसेटमध्ये कंटाळवाणी रोजनिशी असते. आणि शेवटी एका कॅसेटमध्ये चश्मा लावलेला, सभ्य, गडद केसांचा एक माणूस बोलू लागतो. तो पुराणवस्तूंचा अभ्यासक सायमन पेट्रिकोव्ह. त्याने उत्तर स्कँडिनेव्हियातल्या एका गोदी कामगाराकडून एक जुना मुकुट विकत घेतला, गंमत म्हणून डोक्यावर ठेवला, आणि त्या क्षणापासून त्याचे मन त्याचे राहिले नाही. ज्या बेट्टीशी त्याचे लग्न ठरले होते तिला तो लाडाने ‘प्रिन्सेस’ म्हणत असे. ती भिऊन निघून गेली, पुढे मुकुटाने नाव आणि चेहरा दोन्ही पुसून टाकले, आणि कुणाला तरी शोधायचे आहे एवढेच उरले. तो राजकन्या का पळवतो, याचे हे उत्तर आमच्या हाती 36 व्या संध्याकाळी आले. त्याआधीच्या 70 भागांत आम्ही त्याला हसलो होतो, आणि त्या हसण्याचा हिशेब या एका कॅसेटने मागितला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग एवढेच म्हणाल्या, “मुकुट काढून घ्या ना रे त्याचा कुणीतरी.” माझे सासरे अखेरची चार वर्षे घरातल्या कुणालाही ओळखत नव्हते आणि त्यांचे सारे सासूबाईंनी केले होते, हे मुलाला ठाऊक होते, त्याने उठून टीव्हीचा आवाज कमी केला आणि आजीशेजारी जाऊन बसला.

चौथ्या पर्वाच्या अखेरच्या सुमाराचा, ऑक्टोबर 2012 मध्ये प्रथम दाखवला गेलेला भाग याहूनही पुढे जातो. आइस किंग मार्सेलीनकडे गाणे लिहायला मदत मागायला येतो आणि कागदांचे जुने कपटे घेऊन येतो. युद्धानंतरच्या भग्न शहरात 7 वर्षांच्या मार्सेलीनला सायमनने सांभाळले होते, हे तिला आठवते आणि त्याला नाही. त्या कपट्यांवर त्यानेच तिच्यासाठी लिहून ठेवलेले असते की, मी तुला ओळखेनासा झालो की जे काही करेन त्याबद्दल मला क्षमा कर. ती ते शब्द वाचून गाते, आणि तो स्वतःच लिहिलेले शब्द परके असल्यासारखा, आनंदाने वाद्य बडवत साथ करतो. या भागाचे स्टोरीबोर्ड, म्हणजे कथेची क्रमवार चित्रमांडणी, करणाऱ्यांत रिबेका शुगर होत्या. टॉम केनी यांनी आइस किंगचा चिरका आवाज आणि सायमनचा मवाळ आवाज असे दोन्ही दिले आहेत, आणि ते एकाच गळ्यातून आले आहेत हे एकदा कळले की पुढचे प्रत्येक दृश्य बदलते. हा एक भाग आम्ही नेम मोडून त्याच रात्री पुन्हा पाहिला.

चित्रकार म्हणून मला सर्वांत मोलाची वाटली ती कामाची पद्धत. इथे आधी पूर्ण संवाद लिहून मग चित्रे काढत नाहीत. कथेचा आराखडा स्टोरीबोर्ड चित्रकारांच्या हाती जातो, बहुधा दोघांच्या जोडीकडे, आणि तेच चित्रांसोबत संवाद लिहितात. प्रत्यक्ष ॲनिमेशन दक्षिण कोरियातील स्टुडिओंत होते. यामुळे प्रत्येक भागाला हाताची ओळख असते. काही महिन्यांनी मुलगा नामावली न पाहता सांगू लागला की हा भाग ‘त्या’ जोडीचा आहे, कारण ते हनुवटी अशी काढतात. माझ्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी त्याला रेषेतला फरक इतका स्पष्ट समजावू शकले नव्हते. प्रत्येक भागाचे शीर्षकचित्रही स्वतंत्र असते; डिस्क थांबवून त्याने वहीत साठ-सत्तर शीर्षकचित्रे उतरवली. शिवाय काही भाग बाहेरच्या कलाकारांना पूर्णपणे सोपवलेले आहेत: डेव्हिड ओरायली यांचा संगणकीय त्रिमितीतला, मासाआकी युआसा यांचा 2014 चा अन्नसाखळीवरचा आणि कर्स्टन लेपोर यांचा प्रत्यक्ष बाहुल्या हलवून केलेला. युआसांच्या भागात फिन आणि जेक लहान पक्षी, मोठे पक्षी, जिवाणू, झाडे आणि सुरवंट असे एकामागून एक होत जातात. सातवीच्या विज्ञानातला तो धडा 11 मिनिटांत जसा रंगांतून उलगडतो, तसा मी अन्यत्र पाहिलेला नाही.

काळ खरोखर पुढे सरकतो, ही आणखी एक दुर्मीळ गोष्ट. फिन शेवटी 17 वर्षांचा होतो. जेरेमी शेडा हा त्याला आवाज देणारा मुलगा स्वतः वाढत होता आणि त्याचा फुटलेला आवाज तसाच ठेवला आहे. सहाव्या पर्वाच्या आरंभी फिनचा उजवा हात तुटतो आणि त्याचे दुःख पुढच्याच भागात विसरले जात नाही.

उणिवा आहेत. पाचवे पर्व 52 भागांचे आहे आणि त्याच्या मध्यावर गोष्ट एकाच जागी फिरत राहते. सहाव्या पर्वातले काही भाग इतके गूढ आहेत की 11 वर्षांचा मुलगाच काय, मीही बाहेर राहिले. प्रयोग करावा, पण पाहणाऱ्याला आत येण्यासाठी एक दार तरी उघडे ठेवावे, असे मला अनेकदा वाटले. सातव्या, आठव्या आणि नवव्या पर्वांतल्या सलग कथामालिकांनी मात्र ही विस्कळीत झालेली घडी पुन्हा बसवली. सुरुवातीच्या भागांतले काही विनोद ओंगळ आहेत, आणि काही प्रतिमा लहान मुलांना रात्री घाबरवतील अशा आहेत. आठ वर्षांखालच्या मुलांना मी ही मालिका एकट्याने पाहू देणार नाही.

शेवटचा, चार भागांएवढा लांब प्रवेश आम्ही एका बैठकीत पाहिला. सायमनचे काय होते, हे सासूबाईंना आधी सांगू का, असे मी विचारले, तर त्यांनी नको म्हटले.

संच आता कपाटात आहे. वडोदऱ्याच्या पावसाळी दमटपणाचा विचार करून मी खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत आणि डिस्क उभ्या ठेवते. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातील तीन घरांनी तो मागितला आहे. मी एका घरी एका वेळी एकच डिस्क देते, पहिलीपासून. ती परत आल्याशिवाय पुढची देत नाही.