बेडरूमची भिंत आधी वाळवून मगच रंगवणारे मिस्त्री

बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला ओल आली असेल तर पहिला फोन रंगाऱ्याला करू नका. आमच्याकडे आलेल्या रंगाऱ्याने दारात उभ्या उभ्याच उपाय सांगितला: पोपडे खरवडू, पुट्टी भरू, वर ओल अडवणारा रंग मारू. पाणी येतंय कुठून, हे त्याने विचारलंही नाही. मग शेजारच्या काकूंनी गळतीची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. स्वतः मिस्त्री, एक प्लंबर आणि एक बिगारी, एवढाच त्यांचा पसारा. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्यासारख्या जुन्या इमारतींतली कामं ते घेतात.

त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "वहिनी, तुम्ही गावाला जाऊन आलात की डाग सुकलेला असतो का?" नव्हता सुकत. म्हणजे संशय सांडपाण्याच्या नहाणीवर कमी आणि नळाच्या लाइनीवर जास्त. सांडपाण्याची गळती आपण पाणी वापरलं तरच होते. नळाच्या लाइनीत दाब कायम असतो, घरात कोणी नसलं तरी ती झिरपत राहते.

तरी अंदाजावर छन्नी लावली नाही. आधी नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवलं. भिंतीवर रंग उतरला नाही. मग गार आणि गरम लाइनी वेगळ्या करून, नळांच्या जागी बूच लावून हातपंपाने दाब दिला. गार लाइनीचा दाब दाखवणारा काटा जागचा हलला नाही, गिझरकडून येणाऱ्या लाइनीचा मात्र आमच्या डोळ्यांसमोर खाली आला. तेवढीच पट्टी फोडली आणि एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून भोक पडलेलं दिसलं. अख्खं बाथरूम फोडायचं कोटेशनही आमच्याकडे येऊन पडलं होतं, त्यामुळे ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते.

बेडरूमच्या त्याच भिंतीवर स्विचबोर्ड आहे. छन्नी लावण्याआधी त्यांनी त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडला आणि बोर्ड उघडून दाखवला. आत पाण्याचे थेंब होते. करंट गळू लागला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, असं आग्रहाने सांगितलं आणि ते काम आपलं नाही म्हणून वायरमनकडे सोपवलं.

पुढचा भाग कंटाळवाणा, पण खरं काम तिथेच आहे. दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे दीडेक फुटापर्यंत गिलावा विटेपर्यंत काढला. विटांवर आलेला पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडला, धुतला नाही; पाण्याने धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आणि मग काम थांबवलं. जुलै महिना, बाहेर संततधार. मी खिडक्या सताड उघडायला निघाले तर त्यांनी अडवलं. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, ती आत घेऊन भिंत काय वाळणार? खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, आणि भाड्याने आणलेलं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र. त्याची टाकी रोज पाण्याने भरून जायची. ते पाणी बघितलं की विटांनी किती पिऊन ठेवलं होतं ते कळत होतं. अधूनमधून येऊन ते ओल मोजायच्या मीटरने या भिंतीचं रीडिंग घ्यायचे, मग हॉलच्या कोरड्या भिंतीचं, आणि दोन्ही जवळ आल्याशिवाय पुढे जायला तयार नव्हते.

कपाटाचं सांगते. मागचा प्लाय फुगून त्यावर बुरशी आली होती, तो टाकायलाच लावला. सागाची चौकट मात्र ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवली आणि ती आज जशीच्या तशी आहे. खालच्या कप्प्यातल्या गोधड्या वाचल्या, पण त्या ऊन पडेपर्यंत पंख्याखाली दोरीवर घालाव्या लागल्या.

नवीन लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची. गिलावा करण्याआधी पुन्हा दाब देऊन तपासली, मग चिकन जाळी ठोकून प्लास्टर. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 200 मिलि डॉक्टर फिक्सिट एलडब्ल्यू प्लस हे ओल अडवणारं द्रव, मापट्याने मोजून, माझ्यासमोर. आठवडाभर पाणी मारलं.

आम्हाला गणपतीपूर्वी रंग हवा होता. ह्यांनी बरंच समजावून पाहिलं, पण मिस्त्री बधले नाहीत. "आत्ता रंग मारला तर दिवाळीला मलाच यावं लागेल खरवडायला. आरास त्या भिंतीपुढे करा, पडदा लावा." पुढ्यातलं बिल सोडून कारागीर असं सांगतो, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. रंग नवरात्रानंतर झाला. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेलाय. भिंतीला हात लावला तर कोरडी लागते.

आता खटकलेलं. राडारोड्याच्या गोण्या जिन्याखाली फार दिवस पडून होत्या आणि सेक्रेटरींचं बोलणं आम्हाला ऐकावं लागलं. हिशेब वहीच्या कागदावर, सामान आणि मजुरी एकत्र लिहिलेली. ती वेगळी मागून घ्या. जुन्या टाइल्सची जोडी मिळत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये एक पट्टी वेगळी दिसते. डीह्युमिडिफायरचं भाडं आणि वाढलेलं वीजबिल अंदाजात धरलेलं नव्हतं, तेही आधी विचारा.

गच्चीची गळती किंवा वरच्या मजल्यावरून येणारं पाणी असेल तर ते आधी सोसायटीचं पत्र मागतात, कारण वरच्या घरात शिरून तपासल्याशिवाय ते हात लावत नाहीत. पावसाळ्यात त्यांची तारीख लवकर मिळत नाही. फोन सकाळी साडेआठच्या आत करा, नंतर ते कामावर असतात आणि उचलत नाहीत.