लाफ्रॉइग 10 : सुक्या मासळीच्या किनाऱ्याला ओळखीचा वास

वाळत घातलेले बोंबील, ओहोटीला उघडं पडलेलं शेवाळ, जखमेवरचं टिंक्चर आयोडीन आणि वर ओल्या जळणाचा धूर. लाफ्रॉइग 10 या दहा वर्षं पिंपात मुरलेल्या स्कॉच व्हिस्कीचं बूच काढलं की हा वास येतो. नवख्याला वाटतं, बाटली बिघडली. पण याच वासासाठी ती घ्यायची. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हाही या आयोडीनसारख्या वासामुळे ती औषध म्हणून खपली.

लाफ्रॉइगची डिस्टिलरी स्कॉटलंडच्या आयला बेटावर, दक्षिण किनाऱ्याला आहे. 1815 साली अलेक्झांडर आणि डोनाल्ड जॉन्स्टन या भावांनी ती सुरू केली. बेटावर झाडं मोजकीच, त्यामुळे जळण म्हणजे पीट, दलदलीत साचून अर्धवट कुजलेली वनस्पती. ती खणून वाळवायची आणि तिच्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवायची. आजही थोडी बार्ली इथेच फरशीवर पसरून, उलटत राहून मोड आणतात. बाकीचं माल्ट, म्हणजे अशी मोड आणून सुकवलेली बार्ली, बाहेरून येतं. माल्टमध्ये फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, दहा लाखांत 40 ते 45 भाग असतात, म्हणजे भरपूर.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ला मान. तिथे उलट: पहिली धार बाजूला काढून पुन्हा भट्टीत घालतात, शेवटचीही तशीच, आणि फक्त मधली पिंपात जाते. लाफ्रॉइगमध्ये ही मधली धार उशिरा धरतात. सुरुवातीचा फळांसारखा गोडवा त्यामुळे बराच निघून जातो आणि मागून येणारा धूर वरचढ होतो. चवीचं खरं गुपित मला पीटइतकंच या वेळेत दिसतं.

1934 मध्ये बेसी विल्यमसन तिथे उन्हाळ्यापुरत्या कारकुनी कामाला आल्या आणि राहिल्याच. मालक इयन हंटर 1954 मध्ये वारले, त्यांनी डिस्टिलरी बेसींच्याच नावे केली होती. 1972 पर्यंत त्यांनी तिथलं काम पाहिलं. त्या काळात स्कॉच उद्योगात बाईच्या हाती कारभार असणं फार दुर्मीळ होतं.

आता पिण्याचं. 30 मिलीला एक चमचा साधं पाणी पुरे. धूर जरा मागे सरतो, व्हॅनिला आणि खारटपणा पुढे येतो. 40 टक्क्यांची बाटली असेल तर त्याहून जास्त पाणी घालू नका, चव पातळ होते, आणि या व्हिस्कीचा खरा उणेपणा हाच आहे. बर्फ नको, वास दबतो. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी तर मुळीच नको. सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा किंवा तिसऱ्यांचं सुकं. सोलकढी शेजारी ठेवू नका. कोकमाच्या आंबटपणापुढे व्हिस्की कडू लागते.

कोकणात बाटली सांभाळणं हेच मोठं काम. ती उभीच ठेवा. आडवी ठेवली तर दारू बुचाला लागून बूच भुसभुशीत होतं आणि उघडताना तुटतं. पावसाळ्यात लेबलवर बुरशी धरते, आतल्या मालाला काही होत नाही. बंद कपाट, ऊन नको. निम्म्याखाली आली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत काठोकाठ भरा, हवेने धूर मरतो. बाटलीत व्हिस्की मुरत नाही; वय फक्त पिंपातलं.

गोव्यात ती स्वस्त पडते, पण परवान्याशिवाय सिंधुदुर्गात आणणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.