आर्कयुनिट: जावावाल्यांनी एकदा लावून बघाच

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधलं, इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतले किराणा होलसेलवाले वापरतात. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, 12 टक्क्यातला बराच माल 5 वर आला, म्हणजे आम्ही एका जागी दर बदलून मोकळं व्हायचं, पण टॅक्सचं लॉजिक निम्मं डेटाबेसच्या एंटिटीत (टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये) आणि निम्मं कंट्रोलरमध्ये (स्क्रीनकडून आलेली विनंती घेणाऱ्या क्लासमध्ये) घुसलेलं, रात्रभर शोधत बसलो. फोल्डर मात्र डोमेन (धंद्याचे नियम), ॲप्लिकेशन (कामाचा क्रम), इन्फ्रास्ट्रक्चर (डेटाबेस वगैरे) असे झकास पाडलेले! डिपेंडन्सी बाहेरून आत यायची, म्हणजे बाहेरच्या लेयरनं आतल्याला वापरायचं, उलट नाही, डोमेनला डेटाबेस माहीतच नसावा, हे टीममध्ये सगळ्यांना पाठ, तरी घाईत कुणीतरी एक इम्पोर्ट टाकतो, रिव्ह्यूत ते सुटतं आणि कंपायलर गप्प.

दिवाळीनंतर आर्कयुनिट लावलं, म्हणजे कोडचा कुठला भाग कुठल्या भागाला वापरतो ते तपासणारी जावाची लायब्ररी. फुकट आहे, ओपन सोर्स, सर्व्हर-बिर्व्हर काही नको, जेयुनिटच्या (जावात टेस्ट लिहायचं साधन) साध्या टेस्टसारखा नियम लिहायचा की डोमेनमधला क्लास इन्फ्रास्ट्रक्चरला हात लावणार नाही. लावला की टेस्ट फेल, आणि कुठल्या क्लासच्या कितव्या ओळीत ते पण सांगतं. दोन पॅकेज एकमेकांत गुंतली असतील तर तेही पकडतं.

सगळ्यात लई भारी म्हणजे फ्रीझ. जुन्या चुका एका फाइलमध्ये नोंदवून ठेवतं, त्यांच्यावर बिल्ड अडत नाही, नवीन चूक झाली की अडतं, आणि जुनी सुधारली की नोंद आपोआप निघते. हे नसतं तर जुन्या प्रोजेक्टला नियम लावायची आमची हिंमतच झाली नसती. उधारीचंच बघा, बिल करताना पार्टीची मागची बाकी लागते, ती डोमेन थेट डेटाबेसमधून काढायचं. आता बाकी सांगणारा इंटरफेस डोमेनमध्ये ठेवलाय, क्वेरी लिहिणारा क्लास बाहेर.

कमी काय आहे, तर हे बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेला कोड वाचतं, त्यामुळं रिफ्लेक्शनमध्ये (प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास शोधणं) क्लासचं नाव स्ट्रिंग म्हणून दिलं तर ते दिसत नाही, आणि दुसऱ्या लेयरचा स्टॅटिक फायनल (कधी न बदलणारा) आकडा किंवा स्ट्रिंग वापरली तर कंपायलर व्हॅल्यूच चिकटवतो, तेही सुटतं. नवीन प्रोजेक्ट असेल तर मी म्हणेन लेयरचे वेगळे मेव्हन मॉड्यूलच (स्वतंत्र कंपाइल होणारे भाग) करा, तिथं चुकीचं इम्पोर्ट कंपाइलच होत नाही. आमच्यासारखा जुना पसारा असेल तर मात्र हेच घ्या. आमची फ्रीझची फाइल आता निम्म्यावर आलीय, कंट्रोलरमधला टॅक्स तेवढा काढायचा राहिलाय.