अक्रोडाची ग्रिप आणि मधल्या बोटाचा घट्टा : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

दहा मीटर एअर पिस्तुलासाठी घेतलेल्या अक्रोडाच्या ग्रिपविषयी, म्हणजे लाकडी मुठीविषयी, पावसाळा उलटल्याशिवाय लिहायचे नाही, असे मी ठरवले होते, कारण लाकडी वस्तूचा स्वभाव एका ऋतूत कळत नाही. परंतु गेल्या महिन्यात सराव चालू असताना पाम शेल्फच्या, म्हणजे तळहाताची खालची कड टेकवायच्या सरकत्या फळीच्या, स्क्रूचे आटे गेले, विक्रेत्याने ‘हे वॉरंटीत बसत नाही, नवीन ग्रिप घ्यावी लागेल’ असे दोन ओळींत कळवले, आणि जिच्यासाठी २२,००० रुपये मोजले तिच्याविषयी गप्प बसण्याचे कारण उरले नाही. ग्रिप परदेशी बनावटीची, उजव्या हाताची, मध्यम आकाराची आहे. रेक म्हणजे ग्रिप पिस्तुलाला ज्या कोनात बसते तो कोन, आणि स्टिपलिंग म्हणजे हात घसरू नये म्हणून लाकडावर उठवलेली बारीक टोके, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. मला लिहायचे आहे ते मुख्यतः हाताविषयी, आणि हातातही मधल्या बोटाविषयी.

आधी चांगले सांगून टाकते. क्लबच्या पिस्तुलावर मी पूर्वी जी ग्रिप वापरत होते, तिला कुणीतरी रॅकेटची टेप गुंडाळली होती आणि दर शॉटला हात वेगळ्या जागी बसत असे. या ग्रिपमध्ये हात एकदा आत सरकला की तिथेच राहतो. डोळे मिटून पिस्तूल उचलले आणि मग डोळे उघडले, तरी पुढची साइट मागच्या खाचेत जवळजवळ मध्यावर दिसते. रेक बदलण्याची सोय नीट चालते आणि लाकडाचे काम देखणे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत स्कोअर वाढले, तेव्हा मी ही ग्रिप रेंजवर इतरांना सुचवलीही होती. त्यांपैकी एकीने ती घेतली आणि तिच्या हाताला आजवर काहीही त्रास झालेला नाही, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे.

आता तो कंगोरा. ट्रिगर गार्डच्या खाली, जिथे लाकूड संपते आणि धातू सुरू होतो, तिथे मधल्या बोटासाठी कोरलेल्या खाचेच्या वरच्या काठाला सुमारे एक सेंटिमीटर लांबीची एक धार राहून गेली आहे. डोळ्यांना ती दिसतही नाही. नख आडवे फिरवले तर अडकते. बाकी सगळ्या खाचा गुळगुळीत घोटलेल्या असताना नेमका हाच काठ का सोडला, हे मला आजही कळलेले नाही. नियमानुसार एअर पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपर्यंत चालते; प्रत्यक्षात आपली बहुतेकांची पिस्तुले किलोच्या आसपास असतात, आणि हात लांब करून धरल्यावर त्या वजनाचा मोठा वाटा मधल्या बोटाच्या वरच्या कडेवर येतो. मॅचमध्ये ६० शॉट आणि १ तास १५ मिनिटे, त्याआधी तयारी व साइटिंगची, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या शॉटची, १५ मिनिटे. शिवाय प्रत्येक सुटलेल्या शॉटमागे न मारता खाली घेतलेले पिस्तूल वेगळे, आणि घरी भिंतीसमोर नुसते पिस्तूल धरून ठेवणे (होल्डिंग) व छर्रा न भरता ट्रिगर ओढणे (ड्राय) वेगळे. एवढ्या वेळा तोच काठ त्याच जागी रुतला, तर कातडीने दुसरे काय करावे?

तिने जे करायचे तेच केले. सततचा दाब आणि घर्षण एकाच ठिकाणी पडले की कातडीचा सर्वांत बाहेरचा, केराटिनचा थर जाड होत जातो. घट्टा हे शरीराने घातलेले चिलखत असते आणि त्यात रोग असे काही नाही. सुरुवातीला मला तो आवडलाही होता, कारण दुखणे थांबले. नंतर त्याचा रंग पिवळट झाला, मधोमध कंगोऱ्याची पांढरी रेघ कायमची उमटली, आणि थंडीत त्या रेघेवरच चीर पडली. राज्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात त्या चिरेतून कातडीचा तुकडा उचकटून आला आणि खालचे लाल, ओलसर मांस उघडे पडले. त्या स्पर्धेत दहा शॉटांच्या दुसऱ्या सीरिजपासून माझे लक्ष साइटवर नव्हते, बोटावर होते.

दुखण्यापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. घट्टा वाढला की बोट आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ पाचर बसल्यासारखी होते. पकड तीच वाटते, पण हात किंचित वळलेला असतो; शिवाय निबर कातडीला दाब नीट कळत नाही, त्यामुळे नकळत जास्त आवळले जाते आणि ते आवळणे ट्रिगरच्या बोटापर्यंत पोहोचते. हिशेब करून पाहा. दोन साइटमधील अंतर ३५० मिलिमीटर धरले आणि पुढची साइट ०.३ मिलिमीटरने बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा साडेआठ मिलिमीटर सरकतो. आपल्या टार्गेटवर लागोपाठच्या दोन वर्तुळांतले अंतर ८ मिलिमीटर आहे. म्हणजे दहाचा नऊ व्हायला एवढेसे पुरते, आणि आपण मात्र श्वासाला दोष देत बसतो.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात दुसरा घट्टा आला. त्याबाबतीत माझे मत मध्येच बदलले, म्हणून ते स्वतंत्रपणे सांगते. तिथले स्टिपलिंग फार तीक्ष्ण आहे, ही माझी पहिली तक्रार होती आणि ती अजूनही अर्धी खरी आहे. घाम, मळ आणि झडलेली कातडी मिळून त्या टोकांमध्ये करड्या रंगाचा लगदा साचतो. तो जुन्या टूथब्रशने काढला नाही तर आठवडाभरात वाळून कडक होतो आणि कातडीला खरवडू लागतो. पण स्टिपलिंगची टोके हलकी घासून बोथट केल्यावरही बेचक्यातला घट्टा कमी झाला नाही. तेव्हा आमच्या कोच सरांनी पाम शेल्फ दोन मिलिमीटर खाली घ्यायला लावली, आणि पंधरवड्यात कातडी मऊ पडू लागली. शेल्फ वर चढवून घट्ट बसवली की तळहाताची खालची कड वर ढकलली जाते आणि बेचके ग्रिपच्या वरच्या काठाखाली दाबून धरले जाते. दुखते वर, पण कारण खाली असते. ज्यांना बेचक्यात घट्टा आहे त्यांनी वर कानस लावण्याआधी शेल्फ सैल करून पाहावी.

मग प्रश्न असा आला की शेल्फ एवढी वर चढवावी का लागत होती. ग्रिप मोठी होती म्हणून. विक्रेत्याच्या तक्त्यात फक्त तळव्याची रुंदी मोजायला सांगितली आहे, बोटांची लांबी कुठेही विचारलेली नाही. माझा तळवा रुंद आणि बोटे आखूड आहेत. तक्त्याप्रमाणे मी मध्यम आकारात बसते, परंतु मधल्या बोटाचे जे मधले पेर पुढच्या बाजूला टेकायला हवे, ते तिथपर्यंत पोहोचतच नाही. कंगोरा पेराच्या मांसल भागाऐवजी थेट सांध्यावर येतो. माझ्या सांगण्यावरून ही ग्रिप घेतलेल्या मैत्रिणीची बोटे लांब आहेत, म्हणून तोच कंगोरा तिला जाणवत नाही. २०२४ मध्ये मनू भाकरने पॅरिसला दोन कांस्यपदके जिंकल्यापासून आमच्या रेंजवर शाळकरी मुलींची बरीच भर पडली आहे. त्यांच्या हातात क्लबची मध्यम ग्रिपची पिस्तुले दिली जातात आणि बाराव्या-तेराव्या वर्षीच त्यांच्या बोटांवर हे घट्टे दिसतात, हे मला अजिबात चांगले वाटत नाही.

आकार बदलून द्यावा म्हणून मी पहिल्याच महिन्यात फोन केला होता. “मॅडम, एकदा स्क्रू लावला म्हणजे ग्रिप वापरलेली झाली,” असे उत्तर मिळाले. स्क्रू न लावता ग्रिप हातात कशी बसते हे कसे पाहायचे, असे मी विचारले, तर “सगळ्या लेडीज मीडियमच घेतात, सवय होईल” असे सांगण्यात आले. कंगोऱ्याचा फोटो पाठवला, त्यावर ‘हस्तकामात एवढे चालायचेच’ असा निरोप आला. हस्तकाम म्हणून जादा किंमत घ्यायची आणि हस्तकाम म्हणूनच धार सोडायची, ही सोय उत्तम आहे.

हाताच्या देखभालीत जे उपयोगी पडले तेवढेच सांगते. सरावानंतर हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवून, कातडी मऊ झाल्यावर सासूबाईंच्या न्हाणीघरातल्या वज्रीने घट्टा हलक्या हाताने घासायचा आणि रात्री युरिया असलेले मलम लावायचे. मी २० टक्क्यांचे वापरते. मेडिकलच्या दुकानात मिळते आणि महिनोन्‌महिने पुरते. घट्टा पूर्ण काढायचा नाही, आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आणायचा. ब्लेडने कापणाऱ्यांनी ते थांबवावे, आणि मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच करू नये. मॅचच्या आदल्या रात्री वज्री हातात घेऊ नये, कारण वर सांगितलेली पाचर अचानक निघून जाते आणि सकाळी साइटिंगमध्ये छर्ऱ्यांचा ग्रुप भलतीकडे दिसतो. पाऊस सुरू झाल्यापासून घामाचा त्रास वाढला; ओली कातडी लवकर सोलवटते. वरळीच्या रेंजवर समुद्राच्या दमट हवेत तर टॉवेलशिवाय चालतच नाही. सरावाआधी ओल्या तळव्यावर तुरटीचा खडा फिरवून हात वाळू देणे हा उपाय मला पावडरपेक्षा बरा वाटला, कारण पावडर स्टिपलिंगमध्ये जाऊन त्याच लगद्यात भर घालते.

बोटाला पट्टी गुंडाळून नेमबाजी करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. सरावात मी तसे केलेही, पण पट्टीची जाडी दर वेळी वेगळी आणि पकडही वेगळी. स्पर्धेत तर हालचालीला आवर घालणाऱ्या टेपिंगला मनाई आहे, मनगट पूर्ण मोकळे दिसावे लागते, आणि साध्या पट्टीवरूनही पंचांशी बोलत बसण्याची वेळ मला मॅचच्या सकाळी नको असते. ग्रिप हाताला लावून घेणे हाच खरा उपाय आहे आणि नियम त्याला आड येत नाहीत.

अखेर तेच केले. कंगोरा लाकडाच्या बारीक कानसेने उतरवला आणि ८० नंबरपासून ४०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घोटला. उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू दिले. तळव्याच्या पोकळीत, जिथे लहान हातामुळे जागा रिकामी राहत होती, तिथे एम-सील मळून भरले, त्यावर पातळ प्लास्टिक पसरून पिस्तूल धरल्यासारखा हात दाबला, आणि घट्ट झाल्यावर जादा भाग घासून काढला. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिस्तूल सर्व सामानासकट ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, आणि एम-सीलचा थर चढवताना ५० मिलिमीटरची रुंदी कधी ओलांडली जाते ते कळत नाही. मी दर थराला कॅलिपर लावत होते. दुसरे म्हणजे, शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी होता कामा नये आणि तिच्या कडेला वर वळणारा काठ करता येत नाही, त्यामुळे हात अडकवून धरणारी वाटी करण्याचा मोह आवरावा लागतो. हे सगळे सामान अडीचशे रुपयांच्या आत आले. कंगोरा गेल्यावर मधल्या बोटाचा घट्टा महिन्याभरात निम्म्यावर आला. सांध्यावरची पांढरी रेघ अजून आहे, पण चीर पुन्हा पडलेली नाही.

राहिले स्क्रूचे आटे. लाकडात बसवलेली धातूची चकती इतकी उथळ आहे की स्क्रूला तिच्यात फार तर तीन आटे मिळतात. शेल्फ खाचेच्या वरच्या टोकाला असल्याने ती घसरू नये म्हणून स्क्रू दाबून आवळावा लागायचा. म्हणजे मोठा आकार, चढवलेली शेल्फ आणि गेलेले आटे ही एकाच तक्त्याची देणगी आहे. भोसरीतल्या एका लेथवाल्याने खोल पितळी बुश करून दिला, तो चिकटवून बसवला आणि १५० रुपये घेतले. त्यानंतर शेल्फ हललेली नाही.

लांब बोटांच्या नेमबाजांनी ही ग्रिप अवश्य पाहावी, मात्र स्क्रूच्या चकतीची खोली आधी तपासावी. आखूड बोटांच्या लोकांनी तक्ता बाजूला ठेवून एक आकार लहान मागवावा, आणि विक्रेता हातात धरून पाहू देणार नसेल तर दुसरीकडे जावे. मला नव्या ग्रिपवर दहा टक्के सूट देण्याचा प्रस्ताव परवा आला आहे. मी तो नाकारला आहे. आता हिच्यावर माझ्या हाताचा ठसा असल्यामुळे ही विकताही येणार नाही, आणि २२,००० वसूल होईपर्यंत मी हिच्यावरच खेळणार आहे.