लांब पल्ल्यासाठी जुनी डिझेल गाडी: ५२०डी, ई २२०डी, ए६ आणि सुपर्ब

वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर आणि त्यातले बहुतेक द्रुतगती मार्गावर, असा हिशेब असेल तर पाच ते आठ वर्षं वापरलेली मोठी डिझेल गाडी आजही शहाणपणाची खरेदी आहे. वरच्या गिअरमध्ये ताशी १२० ला इंजिन अठराशे फेऱ्यांच्या आसपास निवांत फिरत असतं, मोठी टाकी एकदा भरली की हजारेक किलोमीटर पंपाकडे पाहावं लागत नाही, आणि किमतीतली सगळ्यात मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. तरीही बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक आणखी दोन लाख किलोमीटर बिनतक्रार पळते आणि दुसरी सहा महिन्यांत गिअरबॉक्स उतरवायला लावते. हा फरक इंजिनाच्या कोडमध्ये आणि सर्व्हिसच्या बिलांमध्ये लपलेला असतो. मीटरवरचा आकडा त्यानंतर पाहायचा.

बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती बीएमडब्ल्यू ५२०डी, आणि घोळही तिच्यातच जास्त होतो. २०१० ला आलेल्या एफ१० पिढीत दोन वेगळी इंजिनं आहेत. २०१४ च्या मध्यापर्यंत एन४७, १८४ अश्वशक्तीचं. त्यानंतर बी४७, १९० अश्वशक्तीचं. मागच्या बिल्ल्यावर दोन्हीकडे ५२०डी असंच लिहिलेलं असतं, म्हणून कागदपत्रांत किलोवॅटचा आकडा पाहा: १३५ असेल तर एन४७, १४० असेल तर बी४७. एन४७ ची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला लागून आहे. चेन ताणली किंवा तिचं प्लास्टिकचं गाइड तुटलं की तिथे पोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं. सुटे भाग त्या मानाने स्वस्त, मजुरी मात्र डोळे पांढरे करणारी. २००७ ते २०११ मधली इंजिनं यात सर्वांत बदनाम आहेत. थंड इंजिन सुरू करताच मागच्या बाजूने पत्रा घासल्यासारखा आवाज येतो, पुढे तोच पंधराशे ते दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान ऐकू येतो. असा आवाज आला की किंमत कमी करून मागण्यात वेळ घालवू नका, सरळ निघा. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं.

बी४७ मध्येही चेन मागेच आहे, पण रचना सुधारलेली आहे आणि तक्रारी खूपच कमी. दोन्ही इंजिनांचं आयुष्य ठरवतं ते ऑइल. गाडीचा डिस्प्ले २५-३० हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलायला सांगतो. ज्या मालकाने ते १२-१५ हजारांवर बदललं त्याची गाडी घ्यावी. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, काजळीचं ऑइल चेनच्या पिना झिजवतं, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर तर ऑइलच्या दाबावरच चालतो. बीएमडब्ल्यूबाबत आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग. त्यातून कूलंट झिरपून काजळीत मिसळलं की तो चिकट थर पेट घेऊ शकतो. या कारणासाठी कंपनीने २०१८ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून हे काम झालं की नाही ते लेखी घ्या. कूलंट वारंवार कमी होत असेल तर संशय आधी इथेच घ्यायचा.

२०१७ च्या जी३० पिढीतली ५२०डी आली ती फक्त बी४७ घेऊनच, त्यामुळे तिथे किलोवॅटचा खल करावा लागत नाही. रस्त्यावर ती एफ१० पेक्षा शांत आणि हलकी वाटते. बजेट पुरत असेल तर ५३०डी चं सहा सिलिंडरचं इंजिन द्रुतगती मार्गावर वेगळाच आनंद देतं: चढणीवर गिअर न बदलता गाडी ओढून नेते आणि चार सिलिंडरची ती बारीक थरथर नाही. ऑटोमॅटिक घेतली तर सगळ्यांत झेडएफचा आठ गिअरांचा गिअरबॉक्स येतो आणि तो या गाड्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. त्याचं ऑइल आयुष्यभर पुरतं असं गाडीच्या पुस्तकात म्हटलेलं असतं, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला असं सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या तळाशी एकजीव असतो, म्हणून ऑइलबरोबर तो तळच बदलावा लागतो. हे काम केल्याचं बिल दाखवणारा विक्रेता भेटला तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

निव्वळ लांब पल्ल्यासाठी आमची पहिली पसंती मर्सिडीज ई २२०डी, तीही २०१६ नंतरची डब्ल्यू२१३ पिढीची. तिच्यातलं दोन लिटरचं ओएम६५४ इंजिन, १९४ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर, आधीच्या २.१ लिटरच्या ओएम६५१ पेक्षा कितीतरी मऊ आहे. ओएम६५१ टिकतं, पण ट्रॅक्टरची आठवण करून देतं, आणि सुरुवातीच्या गाड्यांमधले पिएझो इंजेक्टर इतके बिघडले की कंपनीला ते बदलून द्यावे लागले. डब्ल्यू२१३ ची सीट, वाऱ्याचा कमी आवाज आणि सरळ रेषेत स्थिर राहण्याची सवय यांमुळे सहा तासांनंतरही पाठ बोलत नाही. एक खोच लक्षात ठेवा: या गाडीची मूळ टाकी फक्त ५० लिटरची आहे, ६६ लिटरची टाकी वेगळे पैसे देऊन मिळत असे. लांब पल्ल्यासाठी गाडी घेताना रंगापेक्षा हा पर्याय शोधा. एफ१० मध्ये ७० आणि जी३० मध्ये ६६ लिटरची टाकी मुळातच आहे.

जुनी ई ३५० तिच्या व्ही६ साठी मोह पाडते. त्या ओएम६४२ इंजिनाचा ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेला आहे. त्याची रबरी सील कडक होऊन ऑइल गळतं आणि सील बदलायला टर्बो, मॅनिफोल्ड असं वरचं सगळं काढावं लागतं. गिअरबॉक्स इंजिनाला जोडतो तिथे खालून टॉर्च मारून ओल दिसते का ते पाहा.

ऑडी ए६ च्या २०११ ते २०१८ च्या सी७ पिढीतली १९० अश्वशक्तीची गाडी घ्यावी, १७७ ची टाळावी. १७७ मध्ये फोक्सवॅगनच्या २०१५ च्या उत्सर्जन घोटाळ्यातलं ईए१८९ इंजिन आहे, आणि २०१४ पर्यंत फ्रंट-व्हील गाडीत मल्टिट्रॉनिक हा साखळीवर चालणारा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, गिअरबॉक्स येत असे. तो बिघडला की दुरुस्तीपेक्षा दुसरी गाडी परवडते. १९० वाल्या गाडीत सात गिअरांचा, दोन क्लचचा एस ट्रॉनिक गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदललेलं हवं. चार सिलिंडरच्या टीडीआयला, म्हणजे ऑडीच्या डिझेल इंजिनाला, चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो. बेल्ट बदलताना पाण्याचा पंपही बदलला का हे विचारा, कारण १९० वाल्या ईए२८८ इंजिनात या पंपावरची सरकती टोपी अडकते आणि इंजिन तापतं. शिवाय पुढच्या सस्पेन्शनला प्रत्येक बाजूला चार आर्म आहेत, ते झिजले की संच म्हणून बदलावे लागतात.

हेच ईए२८८ इंजिन स्कोडा सुपर्बमध्ये मिळतं, आणि बिल्ल्याचा सोस नसलेल्यांसाठी ती खरोखर उत्तम निवड आहे. ६६ लिटरची टाकी, मागच्या सीटवर पाय पसरून बसता येईल एवढी जागा, आणि सुटे भाग सगळीकडे. केबिन मात्र जर्मन त्रिकुटाइतकी शांत नाही, खडबडीत डांबरावर टायरचा आवाज आत येतो. व्होल्वो एस९० डी४ च्या सीट या सगळ्यांत सर्वोत्तम. बेल्ट कधी बदलला ते तेवढं पाहा. जग्वार एक्सएफ चालवायला सुंदर आहे, पण तिच्या दोन लिटरच्या इंजेनियम डिझेलची चेन वेळेआधी ताणली जाते. सगळी बिलं हातात असल्याशिवाय तिच्याकडे वळू नये.

आता डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी साठली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरचं तापमान सुमारे ६०० अंशांवर नेतं आणि काजळी जाळतं. यासाठी सलग दहा-वीस मिनिटं वेगात चालणं लागतं. गावातल्या फेऱ्यांत ही क्रिया अर्धवट तुटते, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि बेअरिंगचं वंगण पातळ होतं. म्हणूनच ६० हजार किलोमीटर फिरलेली गावातली डिझेल गाडी दीड लाख किलोमीटर महामार्गावर पळालेल्या गाडीपेक्षा धोक्याची. काजळी जळते, राख मात्र जळत नाही. ती ऑइलमधल्या घटकांपासून तयार होते आणि कायमची साठत जाते. त्यामुळे कमी राखेचंच ऑइल हवं: बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडी-स्कोडासाठी ५०७.००. बिलावर हा आकडा छापलेला असतो, तो वाचा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला की आधी डीपीएफच्या तीन नोंदी काढा: काजळी किती ग्रॅम, राख किती, आणि शेवटच्या दोन जाळण्यांमध्ये किती किलोमीटर गेले. महामार्गावरच्या निरोगी गाडीत हे अंतर तीनशे ते सहाशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त असतं. दीडशेच्या आत असेल तर फिल्टर भरत आला आहे किंवा इंजेक्टर, ईजीआर, टर्बो यांपैकी कोणीतरी जास्तीची काजळी सोडतंय. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ राहतं; काळं झालं तर फिल्टर फुटलेला आहे किंवा आतून पोकळ केलेला आहे. फिल्टर काढलेली गाडी बहुतेक देशांत बेकायदा असते. बहुतेक युरो ६ (युरोपचा उत्सर्जन निकष) गाड्यांत त्यावर ॲडब्लूची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची, भर पडते. त्याचा खप फारसा नाही, पण त्याच्या टाकीतला हीटर आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर बिघडतात, आणि मग इतक्या किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही अशी उलटी मोजणी डिस्प्लेवर सुरू होते. ती दिसली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. बॉनेटवर तळवा ठेवा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. सुरू केल्यानंतरचे पहिले पाच सेकंद रेडिओ आणि गप्पा बंद. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, थंडीत क्षणभर दिसणारा पांढरा चालतो पण गोड वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून जोराने धूर फुसफुसत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. स्कॅनरवर सगळ्या इंजेक्टरचे दुरुस्ती-आकडे, म्हणजे प्रत्येकाच्या डिझेलमध्ये इंजिन करत असलेली कमी-जास्ती, एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा फटकून दूर असेल तर बाटली-चाचणी करून घ्या, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटलीत धरून मोजा. दोष-नोंदी नुकत्याच पुसल्या असतील तर पुसल्यापासूनचं अंतर काही डझन किलोमीटरच दिसतं. ती चांगली खूण नव्हे. मीटरचा आकडा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधल्या आकड्याशी ताडून पाहा, आणि पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड त्याच्याशी जुळते का तेही. बॉनेटच्या पुढच्या कडेवर खड्यांच्या बारीक टवक्या असल्या तर नाक मुरडू नका, महामार्गाच्या गाडीला त्या असणारच.

चाचणी किमान अर्धा तास, त्यातली पंधरा मिनिटं महामार्गाच्या वेगात. ताशी शंभर-एकशेवीसला स्टिअरिंग थरथरलं तर चाक वाकलेलं किंवा बॅलन्स गेलेला. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं तर डिस्क, किंवा ५ सिरीजमध्ये पुढच्या आर्मचे बुश. इस्टेटमध्ये, म्हणजे छत मागपर्यंत नेलेल्या मोठ्या डिकीच्या आवृत्तीत, मागे एअर सस्पेन्शन असेल, जसं ई-क्लास आणि ५ सिरीजमध्ये असतं, तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी मागून बसली आहे का ते पाहा. बर्फाचा किंवा डोंगराचा रस्ता नसेल तर चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती टाळा. बीएमडब्ल्यूच्या अशा एक्सड्राइव्ह आवृत्तीत टायरची झीज असमान असली तरी पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केस बिघडतो.

१९ इंची चाकं फोटोत छान दिसतात, लांबच्या प्रवासात छळतात. एफ१० ला १७ इंची चाकं आणि २२५/५५ टायर, त्यातही रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे कडक टायर) काढून साधे टायर आणि डिकीत पंक्चर-किट, एवढ्याने गाडीचा स्वभाव बदलतो. टायरच्या भिंतीवरचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुने टायर खोल नक्षी असूनही बदलायचे असंच धरून चला.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदला. गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल मिळालं नसेल तर तेही, आणि ते अशाच ठिकाणी जिथे ऑइल ठरलेल्या तापमानाला आणून पातळी मोजतात. कमी-जास्त भरलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलताना झटके देऊ लागतो.